बाहेरचं चालत नाही

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी हिंदुरावांना कावीळ झाली. पाटबंधारे खात्यातली नवी नोकरी, गावोगावची फिरती, मिळेल तिथं खाणं; धडधाकट माणूस अंथरुणाला खिळला. उठून बसू लागले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, वर्षभर घरचंच खायचं, बाहेरच्या पाण्याचा थेंबसुद्धा नको. सासूबाईंनी ते वैजयंतीला शपथेसारखं बजावलं. वर्ष सरलं, पुढं सासूबाई गेल्या, ते डॉक्टरही गेले असतील, पण वाक्य घरात राहिलं. हिंदुरावांना बाहेरचं चालत नाही.

वैजयंतीनं ते वाक्य मिरवलंही, हे खरं. लग्नकार्यात पंगती बसल्या की हिंदुराव कोपऱ्यात आपला डबा उघडायचे आणि बायका म्हणायच्या, "नशीबवान आहेस बाई, तुझ्याच हातचं लागतं त्यांना." तिला आतून बरं वाटायचं. "काय करणार, सवयच झालीय," असं ती तोंडानं म्हणायची.

मग कधीतरी तिला कंटाळा आला. नेमका केव्हा, ते तिलाही सांगता आलं नसतं. परातीत पीठ घेतलं की हात जड व्हायचे. वांगी चिरायला घेतली की वाटायचं, ही कालच तर चिरली. "आज काय करू?" असं ती विचारायची. पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणायचे, "कर काय बी." मुलगा ऋतुराज पुण्याहून फोनवर म्हणायचा, "आई, एखाद्या दिवशी बाहेरून मागवत जा की."

"मागवून खाणार कोण? ह्यांना चालत न्हाय."

संध्याकाळी रिक्षातून येताना रस्त्याकडेच्या हॉटेलात बसलेली कुटुंबं दिसायची. ती मान वळवून बघायची. पदार्थांचं तिला काही नव्हतं. त्या बायका नुसत्या बसलेल्या असायच्या, पाय सोडून, गप्पा मारत, कुणीतरी ताट आणून ठेवील म्हणून. त्या बसण्याचा तिला हेवा वाटायचा.

माहेर अकलूजला. तिथंही मुक्काम कधी एका रात्रीपलीकडं गेला नाही. आई, राजाबाई, दरवेळी फाटकापर्यंत येऊन म्हणायची, "वैजू, ऱ्हा की गं दोन दिस."

"त्यांच्या जेवणाचे हाल हुत्यात, आई."

"व्हय, ते बी खरं," म्हणून आई हात हलवायची.

त्या वर्षी श्रावणात धाकट्या भावाचा, जोतिरामचा फोन आला. "आक्का, निघून ये. आईनं अन्न सोडलंय."

वैजयंतीनं हिंदुरावांसाठी धपाटे करून ठेवले, शेंगाची चटणी काढून ठेवली आणि एसटी धरली. आई ओळखू येत नव्हती. डॉक्टरांनी हात टेकले होते. भावजय मायाक्का पेजेची वाटी घेऊन तासन्‌तास बसायची, पण म्हातारी दात घट्ट मिटून घ्यायची. वैजयंतीनं डोकं मांडीवर घेतलं, चमचा ओठाला लावला आणि आईनं तोंड उघडलं. मायाक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. "वन्सं, तुमचीच वाट बघत हुत्या की," ती म्हणाली. मग रोज तसंच. चमचा चमचा पेज जाऊ लागली, आवाज थोडा फुटला. आईनं एकदा तर जोतिरामच्या म्हशीची चौकशी केली.

धपाटे संपले असतील, हे वैजयंतीच्या डोक्यात होतंच. तेवढ्यात हिंदुरावांचा फोन आला. आवाज बारीक.

"पोट बिघडलंय गं."

"काय खाल्लं?"

"बाहेरचंच. दुसरं काय करणार?"

तिच्या डोळ्यांपुढं ती जुनी कावीळ उभी राहिली, पिवळे डोळे, पिवळी नखं. ती आईजवळ जाऊन बसली. फोनवरचं आईच्या कानावर गेलं होतं. "जा तू," राजाबाई म्हणाली. "जावईबापूंना बाहेरचं चालत न्हाय. माझं काय, मी हाय हितंच."

"मी लगेच येते माघारी."

"ये."

जुळे सोलापुरातल्या घरी ती पोचली तेव्हा हिंदुराव खुर्चीत बसून होते. चेहरा उतरलेला, पण अंगात ताप नव्हता. तिनं मऊ भात लावला, वरून साजूक तूप सोडलं. ते खाली मान घालून जेवले, ताट पुसून खाल्लं. दुसऱ्या दिवशी दुपारी, ती परतायची पिशवी भरत असताना, जोतिरामचा फोन आला. तो नुसता रडत होता.

दोघं अकलूजला पोचेपर्यंत आईला न्यायला सगळे तिच्यासाठीच थांबले होते. नंतर, बायका पांगल्यावर, मायाक्कानं सांगितलं. सकाळी पेज घेऊन ती गेली तर म्हातारीनं तोंड उघडलं नाही. विचारलं, "वैजू कुटं हाय?" मायाक्का म्हणाली, सोलापूरला गेल्यात, दाजींना जेवायला घालायला. "मग असू दे," राजाबाई म्हणाली आणि भिंतीकडं वळली.

वैजयंतीनं कुणाला दोष दिला नाही. आजारी नवऱ्याला टाकून राहिले असते तर आईलाही आवडलं नसतं, असं ती स्वतःला सांगायची. सांगून सांगून ते जवळजवळ खरं वाटायला लागलं होतं.

दिवाळीत ऋतुराज आणि सून रेश्मा आले. गोडधोड बेतानंच होतं. भाऊबीज झाली, आणि दुसऱ्या दिवशी रेश्मानं गॅसच बंद केला. "आई, आज तुम्ही ओट्याशी यायचं नाही. भवानी पेठेत एक खानावळ आहे, मी मोबाईलवर बघितली. कडक भाकरी, भरलं वांगं, शेंगाची चटणी, सगळं आपल्यासारखंच."

"भवानी पेठेत नको," हिंदुराव घाईनं म्हणाले. "तितं गाडी लावायला जागा न्हाय."

"रिक्षानं जाऊ."

"मग तुमी जावा. मला कुटं बाहेरचं चालतं?"

"तुमच्यासाठी घरच्या भाकरी डब्यात घेऊ, पप्पा. लग्नात नेता तशा."

ते आणखी काही म्हणणार होते, पण वैजयंती मध्येच बोलली. "चला की. मला जायचंय." असं ती इतक्या वर्षांत कधी म्हणाली नव्हती. हिंदुराव उठले आणि डबा घेऊन रिक्षात बसले.

खानावळ म्हणजे जुन्या घराची पुढची खोली. लाकडी बाकं, आत चुलीवर थापल्या जाणाऱ्या भाकऱ्यांचा आवाज. हिंदुराव भिंतीकडं तोंड करून बसले, डबा मांडीवर. वाढणाऱ्या सिदूनं त्यांना पाहिलं आणि आत वळून हाक मारली, "अम्मा, साहेब आले!"

आतून पार्वतम्मा पदराला हात पुसत आली. पन्नाशीची, ठसठशीत कुंकू लावलेली बाई. तीच ही खानावळ चालवायची. "या की साहेब! किती दिस झाले. सिदू, साहेबांना ठेचा वेगळा आण, आणि भाकरी लई कडक नको." मग ती वैजयंतीकडं वळली, चेहरा हसरा. "तुमी वैनी न्हवं? लई नाव काढत्यात तुमचं. तुमच्या आईची तब्येत कशी हाय आता? तुमी माहेरी हुता तवा साहेब दोनी टायमाला हितंच जेवायचे की. म्हणायचे, घरात करमत न्हाय. तवापासनं फिरकलेच न्हाईत."

ऋतुराजनं वडिलांकडं बघितलं. हिंदुराव डब्याच्या झाकणाकडं बघत होते.

"आई गेली माझी," वैजयंती म्हणाली.

"अय्यो, शिवा शिवा!" पार्वतम्मानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. बराच वेळ काढलाच नाही. मग आत गेली आणि तव्यावरची गरम भाकरी स्वतः आणून तिच्या ताटात वाढली.

वैजयंती जेवली. सगळे थांबले होते म्हणून तिनंच आधी घास मोडला. वांग्यात कारळाचं कूट होतं, तिच्यापेक्षा मसाला कमी, चव खोल. चांगलं होतं. ते चांगलं होतं हेच तिला सहन होईना. समोर ताट आलं होतं, हात पुसत कुणी दुसरीच उभी होती, ती स्वतः नुसती बसली होती. तिनं ताटातलं सगळं संपवलं, वर दहीभातही मागून घेतला. घरी जाताना रिक्षात रेश्मा एकदाच म्हणाली, "आई, मला खरंच माहीत नव्हतं." वैजयंतीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

सकाळी मुलं पुण्याला गेली. हिंदुराव जेवणाच्या टेबलाशी येऊन बसले. गॅस पेटलेला नव्हता. वैजयंती समोर बसली.

"पोट बिघडलं हुतं का तवा?"

"न्हाय."

"कधीपासनं जाताय तितं?"

"लई वर्सं झाली. ऑफिसातले एकदा वढून घिऊन गेले. वाटलं हुतं तरास हुईल. काय सुदिक झालं न्हाय. तुला सांगणार हुतो."

"मग?"

"तू सगळ्यांना सांगायचीस, माझ्याच हातचं लागतं म्हणून. लई खूश असायचीस. कसं सांगायचं? आन खरं सांगू का, रोज त्याच चवीचा कंटाळा यायचा. तुझा न्हवं. चवीचा."

वैजयंतीला हसू आलं, पण ते ओठांपर्यंतच. "मला न्हवता का येत? उभं ऱ्हाऊन पाय मोडून यायचे. परात बघितली की रडू यायचं. तुमाला चालत न्हाय म्हणून करत ऱ्हायले."

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला.

"मग फोन का केलात?" तिनं विचारलं. "जेवायची सोय हुती की."

"घर खायला उठायचं. कुलूप काढून आत आलो की पंख्याचा आवाज तेवढा. आई आजारी असताना बायकोला कोणत्या तोंडानं सांगायचं, मला करमत न्हाय म्हणून? ह्या वयात? पोटाचं म्हटलं की तू येतीस, एवढं ठाऊक हुतं. म्हातारी अशी लगेच जाईल असं वाटलं न्हवतं गं. त्या खानावळीच्या दारात परत पाय टाकवला न्हाय मला."

"करमत न्हाय म्हणाला असतात, तर मी म्हटलं असतं, तुमीच या हिकडं. आला असतात. चार दिस आईजवळ बसला असतात." ती उठली. "तिनं तुमच्यासाठीच धाडलं मला."

ते रडू लागले. तिला दिसत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती त्यांच्याजवळ गेली नाही.

त्यानंतर ती एकच वेळ स्वयंपाक करू लागली. संध्याकाळी गॅस बंद. हिंदुराव खिचडी लावायला शिकले. कधी पाणी जास्त, कधी मीठ विसरलेलं. दोघं ती खायचे. भांडण असं झालं नाही. राग हळूहळू विरला, पण पूर्वी ती त्यांना दिवसभरातलं बारीकसारीक सांगायची, ते सांगणं मात्र बंद पडलं.

वर्षश्राद्धाला दोघं अकलूजला गेले. मायाक्कानं सगळा स्वयंपाक केला आणि वैजयंतीला कशालाही हात लावू दिला नाही. जेवणं झाल्यावर, जोतिराम आणि पाहुणे बसलेले असताना, हिंदुराव सगळ्यांसमक्ष म्हणाले, "आता तू ऱ्हा हितं आठ-पंधरा दिस. माझी काळजी करू नको. मी खातो कुटं बी. मला बाहेरचं चालतं." शेवटचं वाक्य त्यांनी खाली बघत म्हटलं, पण स्पष्ट म्हटलं.

आईच्या खोलीचं दार उघडं होतं. खाट काढून टाकली होती. तिथं नातवंडांचं अभ्यासाचं टेबल आलं होतं, भिंतीला टेकून सायकल.

"कुणाजवळ राहू?" वैजयंती म्हणाली.

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. त्या घराकडं बघून तिला खरंच तसा प्रश्न पडला होता. हिंदुरावांना ते कळलं. ते उठून बाहेर अंगणात गेले.

"मी हाय की, वन्सं," मायाक्का म्हणाली. वैजयंतीनं तिचा हात बराच वेळ हातात धरला. मग संध्याकाळच्या आत घरी पोचावं म्हणून दोघं निघाले.

टेंभुर्णीला गाडी थांबली. हिंदुराव खाली उतरले आणि कागदात गरम भजी घेऊन खिडकीशी आले. त्यांनी कागद वर धरला. वैजयंतीनं एक भजं घेतलं, खाल्लं, आणि मानेनंच पुरे म्हणाली. उरलेली त्यांनी तिथंच उभ्यानं खाल्ली, घाईघाईनं, चव न घेता. कंडक्टरनं बेल दिली तसे ते वर चढले. ती खिडकीकडं थोडी सरकली आणि ते तिच्या शेजारी बसले.