डावखुरी कात्री

"मूठ जरा उजवीकडे वळवा," दादा फोटोग्राफरला म्हणाला. "वडिलांची कात्री आहे. फोटोखाली तसंच लिहायचंय."

कात्रीखालच्या काळ्या कापडाची चुणी सारखी करणारा धाकटीचा हात थांबला. आईला जाऊन अजून महिनाही झाला नव्हता.

"आईची," ती म्हणाली.

"अगं, आई हाताशी असायची. मास्तर कोण होते?"

मास्तर बाबाच. काउंटरवर मापं घ्यायची, गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंगवायचं, हे त्यांचं काम. पडद्याआड कापड कापायची ती आई. बाईच्या हातात कोटाचं कापड कोण देणार, म्हणून घरात सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. पाटी बाबांची, वाहवा बाबांची. आई दाताने दोरा तोडत आतून ऐकत राहायची.

धाकटीने ड्रॉवरमधून पॉपलीनचा एक तुकडा काढला.

"काप."

"हा काय पोरखेळ?"

"काप तर."

आयुष्यभर तयार शर्ट विकलेल्या दादाने कात्री उजव्या हातात घेतली. पाती मिटली, पण कापड मध्येच दुमडून अडकलं. त्याने पुन्हा जोर लावला. फोटोग्राफरने घसा साफ केला आणि कॅमेऱ्यात डोकं घातलं.

"धार गेलीय," दादा म्हणाला.

"धार आहे. डावखुऱ्याची कात्री आहे ती. बाबा कधी डाव्या हाताने सही करायचे का?"

दादाने कात्री खाली ठेवली. "मेलेल्या माणसाला खोटं पाडायचंय तुला?"

"आईसुद्धा मेलीय, दादा."

दादाने पात्यांत अडकलेला तुकडा ओढून सोडवला.

"बरं बाई. आईची असं लिहू, पण फोटो आतल्या खोलीत लावू," दादा म्हणाला.

"आत पुष्कळ राहिली ती. इथे दुकानात लावायचा. बाबांच्या शेजारी."

"लोक विचारतील."

"विचारू देत. तुझी जीभ अडखळली तर मला फोन लावून दे."

फोटोग्राफरने दोन-तीन फोटो काढले. मग वाकून बघत म्हणाला, "ताई, मुठीवरचे हे काळे डाग घालवू का? कॉम्प्युटरवर नवीकोरी करून देतो."

"नको. तिचा अंगठा आहे तो."

त्याने मान डोलावली आणि जागेचा अंदाज घ्यायला तो भिंतीकडे वळला. तिथे फोटोत बाबा हसत होते, आईने कापलेला कोट घालून. खांद्यावर एक सुरकुती नव्हती.