मोहाच्या झाडापाशी

मनकर्णाला जगातली निम्मी माणसं बिनकामाची वाटायची आणि उरलेली अर्धवट. बसचा ड्रायव्हर गोपाल पहिल्या गटातला. ‘तोंडात गोटा घेऊन जन्मला हा,’ असं ती त्याच्या तोंडावर म्हणायची. तो ऐकून घ्यायचा, म्हणून तिला त्याचा आणखीच राग यायचा.

मोहर्लीच्या एका रिसॉर्टमध्ये वाघ पाहायला आलेल्यांसाठी ती पोळ्या लाटायची. भांडी घासणारी रंजीता आणि ती संध्याकाळच्या बसनं परत निघत. त्यांची आंबेटोली रस्त्यापासून आत होती. मोहाच्या झाडापाशी उतरून बांधावरून चालत गेलं की घर. तिथं थांब्याची पाटी नव्हती, तरी बस थांबायचीच. नुसती थांबायची नाही, तर गाडी जरा तिरकी घेऊन गोपाल दिवे बांधावर रोखायचा. बायका घराशी पोहोचून आरोळी देत नाहीत तोवर गाडी हलायची नाही आणि आतलं कुणी कुरकुरायचंही नाही. पाटीचा थांबा होता पुढं, वळणापलीकडे. मागच्या हिवाळ्यात गुराखी चैतू त्या थांब्यावर उतरून चालत येत होता. वाटेत वाघानं त्याला धरलं. त्याची एक चप्पल तेवढी सापडली.

मग कार्ड आलं. आलं म्हणजे अगदी वाजतगाजत आलं. मोहर्लीत मंडप, लाल फीत, नारळ आणि उन्हात जाकीट घालून घाम पुसणारे बस कंपनीचे साहेब. कंडक्टर मुखरूभाऊला दुसऱ्या दिवसापासून घरी बसायचं होतं, त्यालाच खुर्च्या मांडायला लावल्या होत्या.

“कार्ड मशीनला टेकवायचंही नाही, नुसतं जवळ न्यायचं,” साहेब म्हणाले आणि टाळी वाजवायला स्वतःच सुरुवात केली. “चढताना टिंग, उतरताना टिंग!”

एवढं शिकून हा माणूस टिंग म्हणायला आला, असं मनकर्णाच्या मनात आलं. तिनं हात वर केला.

“साहेब, मोहापाशी टिंग होते का?”

“तिथे थांबा आहे का?”

“थांबा नाई. आमी आहो ना.”

साहेब हसले. “मशीनमध्ये थांबे भरलेले आहेत, बाई. मध्येच गाडी थांबली की ऑफिसला लगेच कळतं. जरा शिस्त लागेल.”

“मंग पयले वाघाले लावा शिस्त.”

मंडपात हशा पिकला. साहेबांना तेवढ्यापुरती मराठी कळेनाशी झाली.

पहिले काही दिवस गोपाल मोहापाशी थांबत राहिला आणि मशीन इमानदारीनं चहाड्या करत राहिलं. शेवटी एका संध्याकाळी साहेब स्वतःच गाडीत चढले, टिंग केलं आणि पुढच्या सीटवर ऐसपैस बसले.

“आज मध्ये थांबलात, तर उद्यापासून येऊ नका,” ते गोपालला म्हणाले.

गोपालनं मान हलवली.

“पाह्य कशी मुंडी हालवते, बैल,” मनकर्णा रंजीताच्या कानात म्हणाली. सगळ्या बसला ऐकू गेलं.

मोह आला. मोह गेला.

गोपालचा पाय ब्रेककडे गेलासुद्धा नव्हता. भीती वाटते हे कबूल करण्यापेक्षा त्या माणसाची किळस करणं मनकर्णाला सोपं गेलं, आणि तिनं ती मन लावून केली. पाटीच्या थांब्यावर ओसाड मैदानाच्या कडेला गाडी थांबली. दोघींनी कार्डं धरली. टिंग. टिंग.

“बघा, किती सोपं आहे,” साहेब रंजीताला म्हणाले. पोरीचे डोळे भरले होते, ते त्यांना दिसले नाहीत.

“गोपालभाऊ,” मनकर्णा पायरीवरून म्हणाली, “चैतूची दुसरी चप्पल पाह्यतो आमी. भेटली तं सांगीन.”

गोपालनं दार लावलं.

अंधार उतरलाच होता. रंजीतानं मनकर्णाचा पदर घट्ट धरला. मनकर्णा जेवणाच्या डब्यावर झाकण आपटत, मोठमोठ्यानं शिव्या घालत मागं मोहाच्या दिशेनं चालू लागली: कार्डाला, साहेबाला आणि सगळ्यात जास्त गोपालला. झुडपात काही असेल तर त्यालाही ऐकू जाऊ दे. आवाज मात्र कापत होता, आणि कापतोय म्हणून तिला स्वतःचाही संताप येत होता.

तेवढ्यात दोघींच्या सावल्या एकाएकी पुढं लांबच लांब पसरल्या. मागून गुरगुर आली. रंजीता किंचाळली. पण ती गुरगुर इंजिनाची होती. मैदानात वळवून घेतलेली अख्खी बस, प्रवाशांसकट, दिवे लावून त्यांच्या मागं पावलापावलानं येत होती.

“थांबवा! अहो, गाडी थांबवा!” साहेब ओरडत होते.

आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, गोपालचा मोठा आवाज रस्त्यावर ऐकू आला.

“थांबता येत नाई, साहेब. मधात थांबा नाई.”

या माणसाला मनकर्णानं आजवर एकही चांगला शब्द दिला नव्हता. आताही तिनं मागं वळून पाहिलं नाही, कारण मग सगळ्या बसला तिचे डोळे दिसले असते. रंजीता घाईघाईनं पुढं निघाली, तशी मनकर्णानं तिचा दंड धरला.

“पळून काऊन राह्यली वं? हळू चाल. साहेबाले जंगल पाहू दे.”