बाविसावा प्रश्न

"शुक्रवारचा तुमचा तास मी कॅन्सल करतोय, मिसेस व्ही," कोवाल्स्की फोनवर म्हणाला. "आजचा पेपर बघितलात ना? सुप्रीम कोर्टाने काल निकालच लावला."

नीलांबरी वैरागडेने फोन खांदा वर करून कानाशी दाबून धरला होता, कारण तिचे दोन्ही हात गुंतलेले होते. डाव्या हातात जुनी पानं, उजव्या हातात नवी. ॲन आर्बरच्या विद्यापीठातल्या कायद्याच्या ग्रंथालयात, तळमजल्यावर, तिचं हेच काम. कायद्याचे काही ग्रंथ बांधलेले नसतात, फाइलीसारखे कड्यांत अडकवलेले असतात. कायदा बदलला की प्रकाशक नवी पानं धाडतो. जुनी काढायची, नवी लावायची, जुनी टोपलीत. सात वर्षं ती हे करत होती. टोपलीत टाकण्याआधी ती जुनी पानं वाचून काढायची, हा मात्र तिच्या नेमणूकपत्रात नसलेला उद्योग होता.

"मी निकाल अजून वाचला नाही," ती म्हणाली. "वाचते आणि उद्या येते. तोवर कॅन्सल करू नका."

"वाचून काय बदलणार आहे?"

"तेही वाचल्यावर सांगते," असं म्हणून तिने फोन ठेवला, आणि मगच तिच्या लक्षात आलं की जुनं पान टोपलीत टाकायच्या ऐवजी तिने पुन्हा कड्यात अडकवलंय. असं तिच्या हातून सहसा व्हायचं नाही.

एकेकाळी नीलांबरी वकील होती. नागपूरच्या जिल्हा न्यायालयात नऊ वर्षं तिने काळा कोट घातला होता, फौजदारी प्रकरणं चालवली होती. नवऱ्याबरोबर इथे आल्यावर तिच्या सनदेला कुणी हिंग लावूनही विचारलं नाही. पुन्हा कॉलेजात जा, पुन्हा परीक्षा द्या, मग बघू, असा कारभार. तोवर पोर शाळेत जाऊ लागलेली, नवऱ्याची नोकरी दोनदा बदललेली. मग आली ही पानं लावायची नोकरी. दुधाची तहान ताकावर, म्हणत तिने तीही धरली. निदान कायद्याच्या वासात तरी राहता येत होतं.

पण तिचा जीव अडकला होता तो वर्षातून दोनदा मिळणाऱ्या त्या एका तासात. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात पोलीस व्हायला निघालेल्या मुलामुलींचा वर्ग चाले. तो कोवाल्स्की घ्यायचा. तीस वर्षं पोलिसात काढून निवृत्त झालेला, रुंद खांद्यांचा, बोलण्यात कंजूष माणूस. २००३ साली नीलांबरीने त्याला एकापाठोपाठ तीन पत्रं लिहिली होती. तिसऱ्या पत्राला नकार लिहायचा कंटाळा आला म्हणून आपण होकार दिला, असं तो स्वतःच सांगे. तेव्हापासून नऊ बॅचेस झाल्या होत्या. ती शिकवायची एवढंच, की परदेशी माणसाला अटक केली तर त्याला ताबडतोब विचारायचं: तुझ्या देशाच्या कॉन्सुलेटला कळवू का? व्हिएन्नाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, अमेरिकेनेही तो मंजूर केलेला आहे, पण गस्तीवरच्या शिपायाच्या कानावर तो फारसा पडलेला नसतो.

कालचा निकाल याच करारावरचा होता. टेक्सासातल्या एका मेक्सिकन कैद्याला अटकेच्या वेळी हा प्रश्न विचारलाच नव्हता. फाशीची शिक्षा झाली. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितलं, अशा खटल्यांचा फेरविचार करा. आणि आता अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट म्हणत होतं, हेगचा निकाल आमच्या राज्यांतल्या कोर्टांना आपोआप लागू होत नाही, त्यासाठी आधी इथल्या काँग्रेसने कायदा करायला हवा.

संध्याकाळी पोळ्या झाल्यावर नीलांबरी ओट्याशी उभं राहूनच निकालाची छापील पानं वाचू लागली. चांगली सत्तर-ऐंशी पानं होती. पुरुषोत्तमने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि तिचंही वाढून ठेवलं.

"जाऊ दे ना, नीलू," तो म्हणाला. "सुप्रीम कोर्टच म्हणतंय म्हटल्यावर आता काय राहिलं? आणि दिगूचं व्हायचं ते होऊन गेलं."

"अहो, तुम्ही निकाल वाचलाय का?"

"मी कशाला वाचू? मी गाड्यांचे ब्रेक डिझाइन करतो."

"मग ब्रेक लावा जरा," ती म्हणाली आणि पान उलटलं.

दिगू म्हणजे दिगंबर, तिचा धाकटा भाऊ. २००१ च्या ऑक्टोबरात तो प्रोजेक्टसाठी आला. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्याला महिनाच झालेला, ते दिवस वाईट होते. सावळ्या माणसाकडे लोक दोनदा वळून बघत. डेट्रॉइटच्या विमानतळावरच नीलांबरीने त्याला बजावलं, "हे बघ दिगू, तुला वाद घालायची खाज आहे, ती इथे नाही चालायची. पोलिसाने काही विचारलं तर येस सर म्हणायचं. दुसरं काही बोलायचं नाही." नऊ वर्षांच्या वकिलीत तिने प्रत्येक अशिलाला पोलिसांपुढे तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. सख्ख्या भावाला मात्र भीतीपोटी नेमकं उलटं शिकवून बसली.

दिगू दक्षिणेकडच्या कुठल्याशा छोट्या काउंटीत कामाला होता. तिथे एक धरण होतं. त्यांचे बाबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते, त्यांना पाठवायला म्हणून दिगू एका रविवारी धरणाचे फोटो काढायला गेला. तिथेच त्याला पकडलं. कुंपण ओलांडलंस का? येस सर. फोटोला बंदी आहे हे माहीत होतं का? येस सर. वकील नको ना? येस सर. अकरा दिवस तो आत होता आणि अकरा दिवस नीलांबरी त्याच्या फोनला फोन लावत होती. तो सुटला तेव्हा गुन्हा कबूल केल्याच्या कागदावर त्याची सही होती. व्हिसा गेला, नोकरी गेली. पुढे जबाबाची नक्कल मिळवून तिने मोजलं होतं. एकवीस प्रश्न, एकवीस वेळा येस सर. कॉन्सुलेटचा प्रश्न त्यात कुठेच नव्हता.

आता दिगू नागपुरात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतो. भाजीवाल्याशीसुद्धा अर्धा तास हुज्जत घालणारा तिचा भाऊ रविवारी फोनवर फक्त "हो ताई" म्हणतो. जेवलास का? हो ताई. बरा आहेस ना? हो ताई. फोन ठेवल्यावर तिला दर वेळी रडू येतं आणि दर वेळी ती तेवढ्यात कुकर लावायला उठते.

"सापडलं," ती एकदम म्हणाली. "हे बघा. हेगच्या निकालाने अमेरिकेवर आंतरराष्ट्रीय जबाबदारी येते, हे कुणी नाकारत नाही, असं कोर्ट स्वतःच म्हणतंय. भांडण फक्त इथल्या कोर्टांत ती आपोआप लागू होते की नाही, एवढ्याचंच आहे."

ताट विसळून पुरुषोत्तम आला, तिच्या पिशवीतला कार्डांचा गठ्ठा काढला आणि पेन शोधू लागला. ग्रंथालयाने कॉम्प्युटर आणल्यावर जुन्या कॅटलॉगची हजारो कार्डं रद्दीत काढली होती. पुढे पुस्तकाचं नाव, खाली मधोमध एक भोक, मागची बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर ती दर बॅचसाठी तो प्रश्न हाताने लिहायची. चोवीस मुलं, चोवीस कार्डं.

"अजून तास मिळालेला नाही," ती म्हणाली.

"मिळेल की. माझं अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे," तो म्हणाला आणि लिहायला बसला.

गुरुवारी दोन बस बदलून ती कोवाल्स्कीच्या ऑफिसात पोचली. पानावर खूण केलेलं वाक्य त्याने चष्मा वर करून दोनदा वाचलं.

"म्हणजे करार शिल्लक आहे," तो म्हणाला.

"आहे तसाच आहे. अटक करताना विचारायचं की नाही, याला कुणी हात लावलेला नाही."

"आणि माझ्या पोराने नाही विचारलं, तर त्याला काय शिक्षा?"

"काही नाही."

"मग मी शिकवू कशाला? राज्याच्या परीक्षेत यावर एक प्रश्न येत नाही. माझ्याकडे गोळीबाराचे तास कमी पडतात."

नागपूरच्या कोर्टात न्यायाधीश घड्याळाकडे बघू लागले की तिचा आवाज खाली यायचा. तसाच तो आता आला. "जे चुकलं तर शिक्षा आहे, ते माणूस भीतीने शिकतो, मिस्टर कोवाल्स्की. याला शिक्षा नाही. हे कुणी शिकवलं तरच येणार. तुम्ही काढून टाकलंत की संपलं. मग व्हिएन्नात काय लिहिलंय आणि हेगमध्ये काय म्हटलंय, त्याचा त्या खोलीत बसलेल्या माणसाला काय उपयोग?"

कोवाल्स्कीने खिडकीबाहेर बघितलं. पार्किंगच्या कडेला मार्चमधला काळवंडलेला बर्फ पडून होता. "वीस मिनिटं," तो म्हणाला. "त्याच्यावर एक मिनिट नाही."

"चालेल," ती म्हणाली.

शुक्रवारी वर्गात तिने खुर्ची मधोमध ओढली आणि हात गुडघ्यांवर ठेवून बसली. हे नाटक ती दर वेळी करायची. हॅगर्टी नावाच्या लालगोऱ्या मुलाला तिने पुढे बोलावलं आणि सांगितलं, "मी अटकेत आहे. एकवीस प्रश्न विचार. काहीही."

"कुंपण ओलांडलंस का?" हॅगर्टीने आवाज जाड करत विचारलं.

"येस सर."

"गाडी चोरलीस?"

"येस सर."

पोरं हसू लागली. हॅगर्टीला चेव चढला. बँक लुटलीस? येस सर. मॅकिनॅकचा पूल चोरून नेलास? येस सर. वर्ग खो खो हसत होता. मागे भिंतीला टेकून उभा असलेला कोवाल्स्कीही हसला. एकवीस झाल्यावर ती थांबली. इथून पुढे ती कराराचा इतिहास सांगायची, फळ्यावर तारखा लिहायची. आज त्याला वेळ नव्हता. जे नऊ बॅचेसना सांगितलं नव्हतं, ते तिने सांगून टाकलं.

"एका माणसाने खरोखरच एकवीस प्रश्नांना येस सर म्हटलं होतं," ती म्हणाली. "तो माझा भाऊ. आणि तसं म्हणायला त्याला मी शिकवलं होतं. मी, वकील."

हसू विरून गेलं. तिने हॅगर्टीच्या हातात एक कार्ड दिलं. "आता बाविसावा विचार."

हॅगर्टी वाचू लागला. या वेळी त्याने आवाज जाड केला नाही. "तुम्ही अमेरिकेचे नागरिक नाही. तुमच्या देशाच्या कॉन्सुलेटला तुमच्या अटकेची खबर देण्याचा तुम्हाला हक्क आहे. आम्ही कळवावं, अशी तुमची इच्छा आहे का?"

नीलांबरीने खुर्चीतून मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

"येस, सर," ती म्हणाली. "त्याने यालाही येस सरच म्हटलं असतं. आणि कॉन्सुलेटकडून मला फोन आला असता."

थोड्या वेळाने खिडकीजवळची एक मुलगी हात वर करून म्हणाली, "हे परीक्षेला आहे का?"

नीलांबरी उत्तर द्यायला लागली, पण मागून कोवाल्स्की बोलला. "राज्याच्या परीक्षेला नाही. माझ्या परीक्षेला आहे. दर वर्षी असणार." मग त्याने घड्याळ बघितलं. तेहतीस मिनिटं झाली होती. त्याने बाही पुन्हा घड्याळावर ओढून घेतली.

वर्ग सुटला. नीलांबरीने खुर्ची जागेवर नेऊन ठेवली, फळा कोरा होता तरी सवयीने पुसला आणि बाकांमधून एक चक्कर मारली. दर वेळी काही कार्डं मागे राहायचीच. आज पाच होती. एकावर कॉफीच्या कपाचा गोल उमटला होता, एकाची कुणीतरी कोपऱ्यातून घडी घातली होती. तिने ती घडी नखाने सरळ केली आणि पाचही पर्समध्ये ठेवली. सप्टेंबरच्या बॅचसाठी आता एकोणीसच लिहायची होती.