पन्नास इंचांचा रूळ

आमच्या गोठ्यात लपवलेल्या मोटारीच्या मागच्या कमानीत, म्हणजे स्प्रिंगमध्ये, दहा पोलादी पाटे होते, पुढच्या कमानीत आठ. पान्हे दोन, हातोडा एक, छिन्नी एक, हवेचा पंप एक. जॅक नव्हता, त्याच्या जागी बाभळीचा ओंडका. विकत काही आणायची सोय नव्हती, कारण घरातली रोकड गावात तळ ठोकलेल्या सशस्त्र टोळीने नेली होती. त्याच गोठ्यात कडब्यावर माझा थोरला भाऊ बन्सीधर पडला होता. त्याच्या उजव्या मांडीत अकरा छर्रे होते आणि गुडघ्याखालचा पाय काळा पडू लागला होता.

अठ्ठेचाळीसचा वैशाख होता. कोठाराची किल्ली दिली नाही म्हणून टोळीच्या नाईकाने त्याच्यावर पारावर छऱ्यांची बंदूक झाडली होती. उचलायला गेलेल्या कोतवालाचे दात बंदुकीच्या दस्त्याने पाडले. बन्सीधरचा पाय कापला तर तो जगेल, नाही तर नाही, एवढं मलाही कळत होतं. डॉक्टर परभणीला होते.

जिंतूर-परभणी सडकेवर, गावाबाहेरच्या मोरीवर दोन दगडी खांब होते. त्यांच्यात टोळीने लोखंडी रूळ आडवा टाकून कुलूप लावलं होतं. बैलगाडी तपासून सोडत. मागच्या बाजाराच्या दिवशी एका गाडीत कडब्याखाली जखमी माणूस सापडला, तर त्याला कडब्यासकट भाल्यांनी भोसकलं. मोटारीसाठी रूळ उघडायचाच नाही, असा हुकूम होता.

मी शेळ्या हाकण्याच्या निमित्ताने रुळाखालून वाकून गेलो. वाकण्याआधी, उभ्याने, रूळ माझ्या सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीला लागला. घरी येऊन गुंडीपर्यंतची उंची मोजली. पन्नास इंच.

मोटार गावच्या वतनदार आबासाहेबांची. ते सोलापूरला निघून गेले होते. मागे मोटार आणि ड्रायव्हर चंद्रभान राहिले. टप, काच आणि सीटा काढल्यावर सगळ्यात उंच राहिली ती स्टिअरिंगची वरची कड. ती पंचावन्न इंचांवर होती.

“पाच इंच खाली बसवायची हाय म्हणता?” चंद्रभान म्हणाला. “साहेब, ही मोटार हाय, म्हैस न्हाई.”

“कमानीतले पाटे कमी केले की बसेल.”

“आन् तुटली तर?”

“परभणीपर्यंत तुटायला नको. पुढचं पुढं.”

मागच्या कमानीचा मधला बोल्ट गंजला होता. छिन्नीने तोडताच दाबलेले पाटे एकदम सुटले. एक पाटा माझ्या मनगटावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. वहिनींनी, कस्तुराबाईंनी, दोन फळकुटं लावून मनगट लुगड्याच्या चिंधीने आवळलं.

“भावजी, वरडायचं न्हाई. पारावर ऐकू जातंय.”

मागचे चार आणि पुढचे तीन पाटे काढल्यावर कड साडेबावन्नवर आली. चारही टायरांतली निम्मी हवा सोडली, आणखी एक इंच गेला. मागे मातीची सहा पोती रचली. ती वजनालाही आणि गोळ्यांनाही. मग बन्सीधरसकट आम्ही चौघे बसलो आणि वहिनींनी बसल्या जागेवरून वाकून पट्टी धरली. साडेएकोणपन्नास. अर्धा इंच मोकळा.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मोरीच्या नाक्यावरची टोळीची माणसं जेवायला बसल्यावर निघालो. बन्सीधर पोत्यांमध्ये आडवा, शेजारी वहिनी. चंद्रभान खाली रिकाम्या पोत्यावर बसून गाडी हाकत होता. बंदुकीची पहिली फैर पारावरूनच आली. एक गोळी मागच्या पोत्यात घुसली, दुसरीने चंद्रभानच्या कानाची पाळी नेली. रक्त त्याच्या बंडीत उतरायला लागलं.

गचके फार कडक बसत होते. मी वाकून पुढचं चाक पाहिलं. ते टणक, गोल होतं.

“चंद्रभान, हवा?”

“भरलो की सकाळी. बसलेल्या चाकावर गाडी काढत न्हाई मी. आबासाहेबांनी बघितलं तर तोंडात शेण घालतील.”

“अरे, तो इंच मी हिशेबात धरला होता!”

समोर रूळ दिसत होता, मागे घोडे लागले होते. बन्सीधर पडल्या पडल्या माझ्यावर ओरडला, “गोविंदा, थांबायचं न्हाई!”

चंद्रभानने गाडी थांबवली नाही.

नाक्यावर नाईक स्वतः उठला. हातातली भाकरी टाकून तो उजव्या पायरीवर चढला आणि चंद्रभानचा गळा त्याने दोन्ही हातांनी धरला. गाडी त्या अंगाला कलली. मी मोडक्या हाताने त्याची बोटं सोडवू पाहत होतो. वहिनींनी मागून पान्हा घातला, एकदा कोपरावर, एकदा तोंडावर. नाईकाचे दात पडले, पण त्याची पकड सुटली नाही.

“मुंडकी खाली!” मी ओरडलो.

नाईकाची रुळाकडे पाठ होती. रूळ त्याच्या मानेमागे लागला. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, आणि त्याच्या आधी दुसरा, ओला. गळ्यावरचे हात निघून गेले. मी मागे पाहिलं तेव्हा तो रुळाच्या गावाकडच्या बाजूला सडकेवर पालथा पडला होता आणि मागून आलेला पहिला घोडा त्याच्यावरून गेला. घोडे रुळापाशी अडले. आणखी गोळ्या आल्या, पोत्यांत राहिल्या.

परभणीला त्याच संध्याकाळी बन्सीधरचा पाय मांडीपासून कापला. शुद्धीवर आल्यावर त्याने पाणी मागितलं. वहिनी दवाखान्याच्या ओट्यावर बसून पान्हा धूत होत्या.

स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर रुळाचा ओरखडा होता, सुताएवढा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाएवढा खोल. सकाळी मी मालधक्क्यावरून तीन हमाल आणले, त्यांतल्या दोघांना बन्सीधर आणि वहिनींच्या जागी बसवलं. चंद्रभान त्याच्या जागी, मी माझ्या. टायरांना हात लावला नव्हता. पोती तीच होती. उजवी पायरी तेवढी रिकामी होती. तिसऱ्या हमालाला पट्टी धरायला लावली.

साडेपन्नास इंच.