शिवेचा दोरा

बोरटेकची सकाळ कधी घाईची नसते. घाई करून जायचं तरी कुठे? डोंगराच्या माथ्यावर अठरा घरं, तीही एकमेकांवर रुसल्यासारखी दूर दूर. खाली डांबरी सडकेला लागायचं तर खिंडीतून तीन किलोमीटरची उतरती पायवाट. एसटी वर येत नाही. मोबाईलची रेंजही खिंडीपर्यंतच येते आणि तिथूनच माघारी फिरते.

त्या सकाळी निशिगंधा चुलीपुढे भाकरी थापत होती. नवरा राजकुमार खामगावला तेलाच्या मिलमध्ये होता, महिन्यातून दोनदा घरी यायचा. सासरे कडूबा ओट्यावर शेळीचं दूध काढत होते, सासू विमलबाई ज्वारी पाखडत होती. जाळ मंदावला तशी निशिगंधानं आपल्या सहा वर्षांच्या लेकीला हाक मारली.

"आरू, दोन गवऱ्या आण वं."

आरोही उड्या मारत परसात गेली आणि रिकाम्या हातानं परतली.

"मम्मी, मले काईतरी चावलं."

मनगटाच्या वर दोन बारीक टिपके होते. विमलबाई परसाकडे धावली. गवऱ्यांच्या ढिगातून निघालेली काळसर शेपटी भिंतीच्या बिळात शिरताना तिनं पाहिली आणि ती नवऱ्याला हाका मारू लागली.

कडूबा वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण अशा गोष्टीत एक दुष्ट म्हातारा सापडला की आपण वाचणारे सुटतो. कडूबाचा या नातीवर जीव होता. पण तो नागोबाच्या ठाण्याचा भगत होता, बापाकडून आलेल्या बाऱ्या, म्हणजे नागोबाची गाणी, म्हणणारा. बोरटेकात कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, की त्याला ठाण्यापुढे निजवायचं, डफावर बाऱ्या म्हणायच्या आणि शीव बांधायची, हा रिवाज होता. शीव बांधायची म्हणजे हळदीत भिजवलेला कच्चा दोरा खिंडीच्या तोंडाशी आडवा ताणायचा. निजलेला माणूस उठून बसेपर्यंत कुणी तो ओलांडायचा नाही. ओलांडला तर देव उठून जातो आणि उतरलेलं विष पुन्हा चढतं.

आता सगळेच साप विषारी नसतात. धामण चावलेली माणसं दुपारपर्यंत उठून भाकर मागायची आणि देवाचा जयजयकार व्हायचा. नाग चावलेली उठायची नाहीत. मग शीव कुणी ओलांडली याचा शोध सुरू व्हायचा. आणि गंमत अशी की कुणी ना कुणी सापडायचंच, आणि ते बहुतेक बाईमाणूसच असायचं.

अर्ध्या तासात सारा गाव ठाण्यापाशी गोळा झाला. डफ वाजू लागला. कडूबानं लिंबाचा पाला आरोहीच्या तोंडात घातला. विष चढलं असेल तर लिंब कडू लागत नाही, अशी गावाची समजूत.

"कशी लागते चव, बाई?"

"कडू," आरोहीनं तोंड वेडंवाकडं केलं.

"उतरलं!" गर्दीत कुणीतरी ओरडलं. बाया हात जोडून पाया पडल्या. निशिगंधाच्याही जिवात जीव आला. खोटं कशाला सांगू, क्षणभर तिनंही देवाला नारळ कबूल केला.

मग तिनं लेकीच्या डोळ्यांकडे पाहिलं. पापण्या खाली येत होत्या. झोपेनं येतात तशा नाही. पोर त्या उघडायला धडपडत होती आणि त्या उघडत नव्हत्या.

"मम्मी, दोन दोन दिसून राह्यलं," ती म्हणाली. आवाज नाकातून येत होता.

आरोग्य खात्याच्या आशाताईनं मागे बायकांच्या बैठकीत सांगितलं होतं, साप चावल्यावर पापण्या पडू लागल्या की लिंबाचा पाला चघळत बसू नका, दवाखाना गाठा. तिला सापाची भीती वाटत होती, देवाची वाटत होती, आणि सगळ्यात जास्त या ओळखीच्या माणसांची वाटत होती. यांच्याच घरी ती हळदीकुंकवाला जायची.

"मामाजी, डोळे पाहा ना पोरीचे. दवाखान्यात नेऊ द्या."

"देव झोपवून राह्यला तिले, सूनबाई," कडूबा म्हणाला. पण त्याचा हात डफावर चुकत होता. "मधात उठलो तं घात होईन."

निशिगंधानं पोरीला उचललं. ती खिंडीच्या दिशेनं चालू लागली. मागून डफ थांबला. खिंडीत हळदीचा दोरा वाऱ्यानं हलत होता आणि त्यापुढे गावचा पुंजाजी काठी आडवी धरून उभा होता.

"मांगं फिर, पोरी! सोताच्या हातानं मारतं का तिले? शेवंतीचं काय झालं, तुले मालूम नाही? इचार आपल्या सासूले."

शेवंती म्हणजे कडूबाची थोरली लेक. तीस वर्षांपूर्वी सातव्या वर्षी नाग चावून गेली. विमलबाई तेव्हा चोरून पाण्याला गेली, तिनं शीव ओलांडली आणि पोर हातची गेली, ही कहाणी निशिगंधानं लग्न होऊन आल्या आल्याच ऐकली होती. तेव्हापासून विमलबाईला ठाण्याची पायरी बंद होती. नागपंचमीला सगळ्या बाया पूजेला जायच्या, ती घरी लाह्या भाजत बसायची.

विमलबाई गर्दीतून पुढे आली. धापा टाकत ती पुंजाजीपुढे उभी राहिली.

"म्या नव्हती ओलांडली शीव," ती म्हणाली.

"काय म्हनतं तू?" मागून कडूबानं विचारलं.

"माया लेकराचं डोस्कं माया मांडीवर होतं, आवं. मी कुठी जाईन पाण्याले? दोरा शाबूत होता. साऱ्यानं बाऱ्या म्हटल्या, अन् पोरगी माया मांडीवरच थंडी झाली."

"मंग तवा ओलांडली असं काऊन म्हटलं?"

"साऱ्या गावानं मलेच इचारलं म्हून. अन् तुमी डफ फोडून इहिरीकडे धावून राह्यले होते. पोरगी तं गेली होती. देवबी खोटा निंघाला असता तं तुमी जगले असते का?"

पुंजाजीची काठी तशीच आडवी होती. विमलबाईनं तिच्या खालून हात घातला, दोरा मुठीत धरला आणि तोडला. कच्चाच दोरा तो, कसलाही आवाज न होता तुटला.

"चाल, निशी."

खिंडीतच निशिगंधानं एकशे आठला फोन लावला. मग दोघी आळीपाळीनं पोरीला घेऊन वाट उतरू लागल्या. गोट्यांवरून पाय निसटत होते. "आरू, बोल वं मायासंग," निशिगंधा एकसारखी म्हणत होती. आधी हुंकार येत होता, मग तोही येईनासा झाला. अर्ध्या वाटेत मागून पावलं वाजली तेव्हा निशिगंधाला वाटलं, गाव आपल्याला ओढून न्यायला आला. पण तो कडूबा होता, अनवाणी. त्यानं नातीला खांद्यावर घेतलं आणि म्हातारपण विसरून उताराला लागला.

सडकेवर आलेल्या गाडीतून मेहकरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत आरोहीचा श्वास तुटक झाला होता. विषावरची लस टोचली, घशात नळी घातली. निशिगंधा दाराशी उभी राहून त्या नळीकडे पाहत होती. नजर हलवली तर श्वास थांबेल असं तिला वाटत होतं. दिवस कलताना आरोहीनं एक पापणी उचलली, मग दुसरी. निशिगंधा भिंतीला टेकून मोठ्यानं रडली.

"बरं झालं आणली," नर्सबाई बाहेर येऊन म्हणाली. "अजून थोडा उशीर झाला असता तर हाती लागली नसती."

कडूबा बाकाशेजारी जमिनीवर बसला होता. बोटांना अजून हळद होती.

"बाई," त्यानं विचारलं, "तीस वर्साआंधी भेटे का ही लस?"

"भेटे ना बाबा. लई जुनी आहे ती."

कडूबानं शेजारी बसलेल्या विमलबाईकडे पाहिलं.

"तवा इथलोक याले किती वखत लागला असता वं?"

"आज लागला तेवढाच," विमलबाई म्हणाली. "वाट तीच हाय."