लव्हाळ्याचा वेगळा दर

माझा दीर नालायक आहे. हे मी शांत डोक्यानं सांगतेय. रागात असले की याहून वाईट बोलते.

नवऱ्याची पाठ गेली, तो अंथरुणाला खिळला, आणि दुसऱ्याच महिन्यात या गृहस्थानं धंदा वेगळा केला. टेम्पो नेला, फवारणीचे दोन पंप नेले, अर्धी गिऱ्हाइकं नेली. वर जाताना दारात उभा राहून म्हणतो, "वहिनी, नाही झेपलं तर माझ्या ऑफिसात या. फोन घ्यायला बाई लागतेच." मी काय उत्तर दिलं ते शेजारच्या तीन घरांना अजून पाठ आहे.

आमचा धंदा हिरवळीचा. बंगल्यांभोवतीच्या गवताला वर्षातून चारदा खत घालायचं आणि त्यातलं तण मारायचं. दर हजार चौरस फुटांवर ठरतो आणि तो काढायचं काम पहिल्यापासून माझं. मोजणीचं चाक ढकलत मी प्रत्येक हिरवळ स्वतः चालते. फरशी, पायवाट, फुलांचे वाफे वजा करते आणि उरलेल्या गवताचेच पैसे लावते. त्यात माझा हात धरणारा कोणी नाही.

आता मोठं काम एकच उरलं होतं, बावन्न बंगल्यांची एक वसाहत. वर्षाचा ठेका. तो मिळाला तर धंदा तगणार होता. गेला तर दिराच्या ऑफिसात फोन घ्यायला बसायचं. मी मेले असते पण तिथं बसले नसते.

तीन दिवस चाक ढकललं. अकरा बंगल्यांच्या मागच्या बाजूला लव्हाळा सापडला. वरून हुबेहूब गवत. त्यातून नुकतीच कापणी झालेली, म्हणजे कोणाच्या बापाला कळायचं नाही. देठ बोटांत फिरवला की तीन कडा लागतात आणि मातीत मिऱ्याएवढ्या गाठी असतात. वरवर उपटला तर दुप्पट जोमानं येतो. साध्या तणनाशकानं त्याच्या केसालाही धक्का लागत नाही. त्याचं औषध वेगळं आणि महाग, नाहीतर खुरपी घेऊन एकेक गाठ खणून काढायची. म्हणून मी दोन कागद केले. एकावर सगळ्या हिरवळीचा दर, हजार फुटांना नव्वद. दुसऱ्यावर लव्हाळ्याचा वेगळा दर. दुसरा कागद समजावून सांगायचा म्हणून पिशवीतच ठेवला.

वसाहतीच्या कार्यालयात सकाळी दहाला दरांची पाकिटं उघडली. अध्यक्षबाई, त्यांचे दोन सभासद, मी, आणि समोर दीर. अंगावर इस्त्रीचा शर्ट, हातात जाडजूड फाइल. त्याचा दर निघाला साठ.

साठमध्ये खत आणि औषध जेमतेम येतं, मजुरी कुठून देणार? मी त्याच्या कागदावरचं क्षेत्रफळ पाहिलं आणि उडालेच. यानं प्लॉटच्या नकाशावरून आकडा उचलला होता. घरं, गॅरेज, रस्ते, सगळं धरून.

"भावजी, छपरांवरही खत टाकणार आहात का?" मी म्हटलं.

सभासद हसले. दीर लाल झाला. अध्यक्षबाईंना मी दाखवून दिलं की याचे साठ माझ्या नव्वदपेक्षा महाग पडतात. जिंकलेच होते मी! पण हा पाण्यात पडला तरी ओला न होणारा माणूस. खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "बरं. माप वहिनींचं, दर माझा. झालं?"

अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मग प्रश्नच मिटला," म्हणाल्या.

तीन दिवस उन्हात मी चालले आणि माझ्याच मापानं माझा ठेका त्यानं नेला. अंगाचा नुसता तिळपापड झाला. पिशवीतल्या दुसऱ्या कागदावर माझा हात होता. तो काढून टेबलावर ठेवला असता तर गोष्ट तिथंच बदलली असती. मी हात रिकामाच बाहेर काढला.

"अध्यक्षबाई, एवढा स्वस्त दर आहे तर हमी तरी घ्या," मी गोड आवाजात म्हटलं. "वर्षभरात कुठेही तण दिसलं तर पुन्हा फवारणी फुकट. आणि दोनदा करूनही गेलं नाही तर परवाना कार्यालयात लेखी तक्रार, म्हणजे फवारणीचा परवानाच रद्द. भावजी घाबरत असतील तर राहू द्या."

"घाबरायला काय झालं?" दीर म्हणाला. "लिहा."

मीच शब्द सांगितले, एकेक करून. त्यानं झोकात सही ठोकली. मला वाटलं, बस आता. दोन महिन्यांत लव्हाळा वर येईल, हा बुडेल, आणि वसाहत माझ्या दारात येईल तेव्हा मी एकशे तीस सांगेन.

घरी आले ती जवळजवळ नाचतच. नवरा पुढच्या खोलीत पाठीखाली उशी घेऊन पडला होता. त्याला सगळं रंगवून सांगितलं, छपरावरचं खत, लव्हाळा, हमी, सही. तो हसेल असं वाटलं होतं. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"परवान्यावर तक्रार असं लिहिलंय?"

"मीच लिहायला लावलं. का हो?"

"त्यानं माझा परवाना लावलाय."

फवारणीचा परवाना आमच्या घरात एकच, नवऱ्याच्या नावाचा. माझा धंदा त्यावरच चालतो. दिरानं परीक्षा देऊन स्वतःचा काढला असेल असं मी धरून चालले होते. औषधाच्या डब्यावरची चिठ्ठी ज्यानं जन्मात वाचली नाही, तो परीक्षा देणार होता! इतकी मूर्ख मी.

"दिलात कशाला?" मी ओरडले. "मला न विचारता?"

"त्यानं विचारलं," नवरा म्हणाला. "इथं येऊन बसला, दादा, तुझी सही लागेल म्हणाला. आठ महिन्यांत मला कोणी काही विचारलं नव्हतं. तू तर माझ्या नावावर सगळा धंदा करतेस, दर काय लावलास तेवढंही सांगत नाहीस."

खरं होतं ते. जेवण, गोळ्या, अंघोळ सगळं वेळेवर केलं त्याचं, पण विचारलं काहीच नव्हतं.

मी तिथंच त्याच्यासमोर दिराला फोन लावला. लाज गिळून म्हटलं, "भावजी, अकरा बंगल्यांच्या मागच्या हिरवळीत लव्हाळा आहे. मला माहीत होतं. माझं चुकलं. आत्ताच खणायला घेतला तर निघेल. तुमची माणसं लावा, मीही येते."

तो म्हणाला, "साठच्या दरात माणसं लावू? परवाना दादाचा आहे, वहिनी. गेला तर त्याचा जाईल. तुम्हाला एवढी काळजी असेल तर तुम्हीच खणा." आणि फोन ठेवला.

नवरा कोपरावर रेलून, दुखत असूनही अर्धा उठला होता. "काय म्हणाला?"

आठ महिन्यांत त्याच्या तोंडावर एवढी आशा मी पाहिली नव्हती.

"चला म्हणाला," मी म्हटलं. "उद्यापासून दोघं मिळून काढू म्हणाला."

"बघ!" तो उशीवर मागे टेकला, डोळे भरून आले होते त्याचे. "तू उगाच शिव्या घालतेस त्याला. मनानं वाईट नाही गं तो."

"नाही," मी म्हटलं, आणि खुरपी शोधायला आत गेले.