देवघरामागचा सागवानी दांडा

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेलं नाही. मुलुंडच्या एका घरात, प्लायवूडच्या दोन फळ्यांच्या मध्ये उभा असलेला मी एक जुना सागवानी दांडा आहे. दिवाणखान्यातून एक खोली वेगळी काढायची होती, तेव्हा जानकीबाईंच्या यजमानांनी मला रंधा मारून आणलं. माझ्याच अंगात जाड स्क्रू पिळून देवघर टांगलं. समई, पितळी मूर्ती, नारळ, सगळ्यांचा भार मी वाहिला. पाहुणे म्हणत, "भिंत कशी ठणठणीत आहे!" मी आतल्या आत ताठ होई.

पण जानकीबाई रोज पूजेआधी देवघराखालची फरशी तांब्याभर पाणी ओतून धूत. ते पाणी माझ्या पायाशी मुरे. मग वाळवी आली. तिची कुरकुर थांबेना आणि मला स्वस्थ उभं राहवेना.

यंदा सूनबाई अपूर्वाने देवघर उतरवून प्लायवूड उघडायला लावलं. बाळा सुताराने पटाशी टोचली. ती माझ्या पायात भसकन शिरली.

"वाट लागली याची, वहिनी! याच्या जागी पत्र्याचे उभे चॅनेल टाकू. त्याला वाळवी लागत नाही."

"आणि माझे देव कशावर टांगणार? त्या डब्याच्या पत्र्यावर?" जानकीबाई कडाडल्या.

"आई, आंघोळ देवांना घाला ना, भिंतीला कशाला?"

"तू गप्प बस गं! नवा पत्रा वाकला आणि देव खाली आले तर?"

पत्रा की लाकूड? माझा निकाल काही लागेना. दारात चॅनेलचा भारा येऊन पडला होता, चकचकीत, सरळसोट. मला त्याचा हेवा वाटला.

अपूर्वा मला खालून वर बोटाने वाजवत गेली. खाली भद्द, वर टणक.

"बाळा, वरचं लाकूड चांगलं आहे रे. तेवढंच काप आणि दोन चॅनेलच्या मध्ये आडवं बसव. देवघराचे स्क्रू त्यातच जाऊ देत."

जानकीबाईंनीही मला वरच्या बाजूला एकदा वाजवून पाहिलं. मग म्हणाल्या, "वाळवीचं औषध लाव हो आधी."

मी आडवा झालो. देवघर पुन्हा टांगलं. जानकीबाईंनी खालून दोन्ही हात धरून ठेवले होते. हळूच काढून घेतले. मी हललो नाही, पत्राही हलला नाही.

दुसऱ्या सकाळी तांब्या खणकला. जानकीबाई थबकल्या, त्यांनी तांब्या बाजूला ठेवला आणि फडका पिळून फरशी पुसू लागल्या.

मित्रांनो, तुमच्या भिंतींच्या आतही कुणीतरी उभं असतं. त्याच्या पायाशी पाणी मुरू देऊ नका. तांब्या वाजला की माझा जीव अजून खालीवर होतो. फडका पिळल्याचा आवाज येईपर्यंत.